चूल, स्टोव्ह आणि एक खोली

मराठीत 'चूल' हे केवळ एका साधनाचे नाव नाही. भाऊ विभक्त झाले की त्यांच्या चुली वेगळ्या होतात. नवा संसार म्हणजे नवी चूल मांडणे. दारिद्र्याची परिसीमा सांगायची तर चूल पेटली नाही असे म्हणायचे, आणि गावातल्या सगळ्या घरादाराला जेवायला बोलवायचे तर आमंत्रण 'चूलबंद' द्यायचे. स्त्रीच्या आयुष्याची हद्द दाखवतानाही भाषेने 'चूल आणि मूल' असे दोनच खुंट रोवले आहेत. थोडक्यात, घर मोजण्याचे आपले माप भिंत किंवा छप्पर हे नसून चूल हे आहे. भारतीय जनगणनेची व्याख्याही याहून वेगळी नाही. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणाऱ्या व्यक्तींचा गट म्हणजे कुटुंब, असे ती मानते.

मग ज्याच्याकडे चूलच नाही, त्याचे काय? चाळीत भाड्याने घेतलेल्या खोलीच्या एका कोपऱ्यात, वसतिगृहाच्या खाटेखाली, कार्यालयाच्या पोटमाळ्यावर जो माणूस एका लहानशा उपकरणावर आपले अन्न शिजवतो, त्याचे 'घर' कोणत्या मापाने मोजायचे? गेल्या सव्वाशे वर्षांत महाराष्ट्रातल्या, विशेषतः मुंबई-पुण्यातल्या, लाखो माणसांनी स्वयंपाकघर नसताना स्वयंपाक केला आहे. हा इतिहास आपल्या वाङ्मयात विखुरलेला आहे, पण त्याकडे इतिहास म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. प्रस्तुत लेखात त्याची काही सूत्रे जुळवण्याचा प्रयत्न आहे. स्टोव्ह, कुकर, हॉटप्लेट ही साधने क्षुल्लक दिसत असली तरी त्यांनी चूल या संस्थेपासून स्वयंपाक या क्रियेला सोडवले. ही सोडवणूक कोणाच्या वाट्याला स्वातंत्र्य म्हणून आली आणि कोणाच्या वाट्याला नवे ओझे म्हणून, हा यातला खरा प्रश्न आहे.

१.

स्टोव्ह येण्याआधी घराबाहेर पडलेल्या मराठी माणसासमोर जेवणाचे मोजकेच मार्ग होते. विद्यार्थी ब्राह्मण असेल तर माधुकरी मागणे, किंवा वार लावून जेवणे, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. थोडे पैसे असतील तर खानावळ. एखादा नातेवाईक असेल तर त्याच्या घरी आश्रित म्हणून राहणे. या साऱ्या मार्गांत एक गोष्ट समान होती. दुसऱ्याच्या चुलीवर अवलंबून राहणे त्यांत अटळ होते, आणि चूल दुसऱ्याची असली की तिच्याबरोबर दुसऱ्याचे सोवळे, दुसऱ्याची जात आणि दुसऱ्याची मर्जीही आलीच. ज्या जातींना माधुकरीचा दरवाजाच उघडा नव्हता, त्यांच्यासाठी शहरातले शिक्षण हा पहिल्या दिवसापासून अन्नाचाही प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकातल्या थोरांच्या चरित्रांत 'हाताने करून जेवणे' हा शब्दप्रयोग वारंवार येतो, तो केवळ काटकसरीचा पुरावा म्हणून नव्हे; कोणाचेही मिंधे नसल्याची ती खूण असते.

या प्रकारच्या स्वयंपाकाचे सर्वांत परिचित वर्णन मात्र मुंबई-पुण्यातले नाही, लंडनमधले आहे. १८८८ ते १८९१ या काळात बॅरिस्टर होण्यासाठी तेथे राहिलेल्या गांधींनी आत्मकथेत आपला खर्च कसा कमी होत गेला ते सांगितले आहे. आधी एका कुटुंबात, मग दोन खोल्यांत, आणि शेवटी एका खोलीत त्यांचा मुक्काम आला. या एका खोलीत त्यांनी एक स्टोव्ह घेतला. सकाळी ओटची लापशी आणि कोकोसाठी पाणी, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको. दिवसाचा अन्नखर्च एक शिलिंग तीन पेन्स. सकाळच्या स्वयंपाकाला वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नसे, हेही ते आवर्जून नोंदवतात. गांधींच्या पुढच्या आयुष्यातील आहाराच्या प्रयोगांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या प्रयोगांचा पाया ही एका खोलीतली, एका विस्तवाची व्यवस्था होती, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. शाकाहारी राहण्याचे आईला दिलेले वचन परक्या देशात पाळायचे, तर घरमालकिणीच्या स्वयंपाकघरापासून स्वतंत्र होणे सोयीचे होते. लहान उपकरणाने ती सोय केली.

२.

गांधी लंडन सोडून परतले त्यानंतर एका वर्षाने, १८९२ मध्ये, स्वीडनमधल्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने दाबाखाली रॉकेलची वाफ करून जाळणारा स्टोव्ह तयार केला. त्याचे नाव 'प्रायमस'. पुढे आपल्याकडे हे नाव इतके रुळले की ते एका कंपनीचे नाव आहे याचाच अनेकांना विसर पडला. पितळेची गोल टाकी, तीन पाय, पंप, वर बर्नर. आधी स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये भिजवलेला काकडा पेटवून बर्नर तापवायचा. मग पंप मारला की टाकीतले तेल वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून जोराने बाहेर पडून निळ्या ज्योतीने जळते. भोक काजळीने बुजले की पिन मारायची. बर्नर पुरेसा तापला नसताना पंप मारला तर वाफेऐवजी तेलच वर उसळते आणि पिवळा भडका उठतो. मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांनी हे तंत्र वाचून नव्हे, पाहून शिकून घेतले.

या स्टोव्हची कीर्ती जगात पसरली ती धाडसी मोहिमांमुळे. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुन्सेनच्या तुकडीजवळ प्रायमस होता. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या शेवटच्या तळावर हिलरीने गोठून लाकूड झालेले आपले बूट वितळवले तेही याच स्टोव्हवर. ध्रुवावरचा तंबू आणि परळची खोली यांत साम्य काय, असे कोणी विचारील. साम्य आहे: दोन्हीकडे जागा नाही, धुराड्याची सोय नाही, जळण साठवायला कोपरा नाही, आणि उष्णता ताबडतोब हवी आहे. फरक इतकाच की ध्रुवावरचा माणूस काही महिन्यांनी घरी परततो.

इंधनाची दोन्ही मराठी नावे इंग्रजीतून आली आहेत आणि दोन्हींचा मूळ अर्थ हरवला आहे. 'रॉक ऑइल'चे झाले रॉकेल, आणि 'गॅसलाइट'चे झाले घासलेट. पहिल्यात खडकातून निघणारे तेल आहे, दुसऱ्यात दिव्याचा उजेड आहे. शिजण्याशी मुळात दोहोंचाही संबंध नाही. हे तेल आपल्या घरात आधी कंदिलासाठी आले आणि मग चुलीच्या जागी बसले. वाङ्मयाच्या अभ्यासकांना दुसरा शब्द आणखी एका कारणाने माहीत असेल. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हिंदीत बनारसीदास चतुर्वेदी यांनी पांडेय बेचन शर्मा 'उग्र' यांच्या लेखनाविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा त्यांनी अशा वाङ्मयाला 'घासलेटी' असे विशेषण लावले. स्वस्त, उग्र वासाचे, पटकन पेट घेणारे आणि सभ्य घरात न शोभणारे: या सगळ्या छटा त्या एका शब्दात आहेत. एका इंधनाचे नाव जेव्हा टीकेची परिभाषा बनते, तेव्हा ते इंधन कोणत्या वर्गाच्या घरात जळत होते आणि कोणत्या वर्गाच्या नाकाला झोंबत होते, हेही त्यातून कळते.

३.

प्रायमस परदेशातून आला. स्वयंपाकघर नसलेल्या माणसाचा विचार करून भारतीय माणसाने घडवलेले पहिले महत्त्वाचे साधन बंगालमधले आहे. डॉ. इंदुमाधव मल्लिक हे वैद्यक आणि कायदा या दोन्ही शाखांत शिकलेले, प्रवासाची आवड असलेले गृहस्थ होते. त्यांनी १९१० मध्ये 'इकमिक कुकर' तयार केला. 'हायजिनिक' आणि 'इकॉनॉमिक' या शब्दांच्या शेपट्या जोडून हे नाव बनले होते. उभे पिंप, त्याच्या तळाशी कोळशाची लहान शेगडी, वर पाणी, आणि त्यावर एकावर एक रचलेले डबे. एकात भात, एकात डाळ, एकात भाजी. सकाळी डबे लावून कोळसा पेटवावा आणि कामाला लागावे. वाफेवर सारे मंद शिजते, जवळ बसून राहावे लागत नाही.

या शेवटच्या मुद्द्यात खरी क्रांती आहे. चुलीची खरी मागणी लाकडाची नाही, लक्षाची असते. जाळ पुढे सारायचा, मागे ओढायचा, उतू जाते का पाहायचे. म्हणून चुलीपाशी एक माणूस कायमचा बांधलेला असतो, आणि तो माणूस बहुधा बाई असते. ज्याच्या घरी बाई नाही, त्याच्यासाठी मल्लिकांच्या कुकरने बाईची उणीव यंत्राने भरून काढली. बंगाली भद्रलोकांतील ब्रह्मचारी, मेसमध्ये राहणारे कारकून आणि प्रवासी यांच्यात तो लोकप्रिय झाला, यात नवल नाही. मराठी घरांतही प्रेशर कुकर येण्याआधी शेगडीवरचे पितळी कुकर होते. 'कुकर लावणे' या शब्दप्रयोगातले 'लावणे' हे क्रियापद डबे एकावर एक लावण्याचे आहे. १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि दाबाचे कुकर घरोघर जाऊ लागले. शिट्टीने आता लक्ष ठेवण्याचे कामही आपल्याकडे घेतले. भाषेने मात्र जुनेच क्रियापद ठेवले.

गंमत अशी की इकमिक कुकरच्या सुमारासच मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले. त्यात गृहीत धरलेले स्वयंपाकघर ऐसपैस आहे; भांडी आहेत, मदतीला माणसे आहेत, वेळ आहे. म्हणजे एकाच काळात एकीकडे एक हजार पाकक्रियांचे स्वयंपाकघर छापले जात होते आणि दुसरीकडे तीन डब्यांत मावणारे स्वयंपाकघर विकले जात होते. पाकशास्त्राच्या इतिहासात पहिल्याची नोंद होते. दुसऱ्याला लेखक मिळाला नाही.

४.

आता मुंबईकडे वळू. येथील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढच्या अर्धशतकात कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे आले. १९०१ च्या जनगणनेनुसार शहराची सुमारे ८० टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती आणि एका खोलीत सरासरी चार ते पाच माणसे होती. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नियोजनातच स्वयंपाकघर नसलेले घर असे हे राज्यकर्त्यांनी दगड-सिमेंटमध्ये मान्य केलेले रूप होते. कामगाराला निजायला जागा हवी, हे मान्य झाले. तो कोठे शिजवणार हा प्रश्न त्याच खोलीवर सोपवला गेला.

अशा खोलीत चूल म्हणजे काय असते, हे धनंजय कीर यांनी लिहिलेल्या आंबेडकरचरित्रात दिसते. रामजी सकपाळ कुटुंबासह परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. भांडीकुंडी, सरपण, धूर, अभ्यास आणि झोप हे सारे तिथेच. मुलाने आधी झोपावे, मध्यरात्रीनंतर वडिलांनी त्याला अभ्यासाला उठवावे आणि मग स्वतः आडवे व्हावे, अशी जागेची पाळी लावलेली होती. जागा अपुरी पडली की तिची वाटणी वेळेने करावी लागते. गिरणीत पाळ्या होत्या, तशा खोलीतही होत्या. चूल पेटलेली असताना कोणी अभ्यास करू शकत नाही आणि कोणी झोपलेले असताना चूल पेटवता येत नाही. प्रायमस आणि नंतरचा वातींचा स्टोव्ह यांचे मोल या संदर्भात समजते. स्टोव्ह हवा तेव्हा पेटतो, हवा तेव्हा विझतो आणि काम झाले की उचलून कोपऱ्यात ठेवता येतो. त्याने खोलीला तिचे उरलेले तास परत दिले.

परंतु गिरणगावातला बहुसंख्य कामगार एकटा पुरुष होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत दर हजार पुरुषांमागे सहाशेही स्त्रिया नव्हत्या. गावमंडळाच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपत. तेथे प्रत्येकाने स्टोव्ह पेटवणे शक्यच नव्हते. त्यांच्यासाठी खानावळ होती, आणि गिरणगावातली खानावळ म्हणजे उपाहारगृह नव्हे. तीही एक खोलीच. एखादी बाई, बहुधा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा, आपल्याच दहा बाय सोळाच्या खोलीत पंधरा-वीस जणांचे दोन वेळचे शिजवी. खानावळ निवडताना गाव, जात आणि चव या तिन्हींचा विचार होई. कापडखात्यातील दलित कामगारांना विणकाम नाकारले जाई, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. ज्या शहरात धाग्याला लागलेल्या थुंकीचाही विटाळ होता, तेथे खानावळीच्या पंगतीत काय घडत असेल याची कल्पना करता येते. ज्याला पंगतीत जागा नाही, त्याच्यासाठी स्वतःचा स्टोव्ह ही सोय नव्हती, तो आत्मसन्मान होता.

खानावळवाल्या बायकांचे श्रम दीर्घकाळ कोणाच्याही हिशेबात नव्हते. महिन्याच्या शेवटी पैसे मिळत, वाण्याची उधारी मात्र महिनाभर चढत असे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणीतल्या संपांचा इतिहास युनियन, मालक आणि सरकार या तिघांत सांगितला जातो. संप चालू असताना कामगार जेवत कोठे होते, हा प्रश्न विचारला की त्या इतिहासात चौथे पात्र येते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचा भार ज्या खोल्यांनी उचलला, त्यांत या खोल्याही होत्या.

५.

साधने बदलली की पदार्थ बदलतात. प्रायमसची ज्योत जोरकस पण आखूड असते. ती तव्याच्या मध्यावर आदळते. शेगडीच्या निखाऱ्यावर फुगणारी भाकरी या ज्योतीवर तशी फुगत नाही. एकच विस्तव असल्याने क्रम लावावा लागतो. आधी भात शिजवून गोधडीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा, मग आमटी, शेवटी चहा. म्हणून एका भांड्यात होणारे पदार्थ पुढे आले. खिचडी, पिठले, उसळ, पोहे हे सडेफटिंगांचे पदार्थ ठरले ते चवीमुळे नव्हे, एका विस्तवामुळे. आणि ज्याला चूलच लागत नाही तो पाव मुंबईच्या कामगाराचा आधार झाला. बेकरीची भट्टी ही एका परीने साऱ्या मोहल्ल्याची सामाईक चूलच असते. १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर वडा आणि पाव एकत्र आले, त्यामागे चूल नसलेल्या माणसांचे हे शहर उभे होते.

अशा स्वयंपाकाला साहित्य कसे मिळाले, याचे एक उदाहरण इंग्रजीत आहे. कॅथरिन व्हाइटहॉर्न या पत्रकार महिलेने १९६१ मध्ये 'किचन इन द कॉर्नर' हे पुस्तक लिहिले. १९६३ मध्ये ते 'कुकिंग इन अ बेडसिटर' या नावाने पुन्हा निघाले आणि पुढे कित्येक दशके खपत राहिले. लंडनच्या भाड्याच्या खोलीत, एका गॅसच्या शेगडीवर, नळ लांब असताना आणि घरमालकीण वासावर टपलेली असताना कसे शिजवावे, हा त्याचा विषय. उणिवांपासून सुरुवात करणारे पाकशास्त्र असे त्याचे वर्णन करता येईल. आपल्याकडे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. वाटी-चमच्याच्या मापाने त्याने नवशिक्या मुलींना आणि परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना धीर दिला. तरी त्याच्या पानांमागे उभे आहे ते ओटा, फडताळ आणि कुटुंब असलेले घर. चाळीतल्या स्टोव्हचे पाकशास्त्र मराठीत लिहिले गेले नाही. ते तोंडी राहिले.

ललित वाङ्मयात मात्र या जगाच्या खुणा आहेत. 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये चाळीचे समूहजीवन विनोदाच्या अंगाने आले. 'कोसला' (१९६३) मधल्या पुण्याच्या वसतिगृहात मेस हे एक स्वतंत्र राज्य आहे. जयवंत दळवींच्या 'चक्र' मध्ये झोपडपट्टीतली भूक आली. या लेखनात एक ठळक विषमता दिसते. पुरुष जेव्हा हाताने करून खातो तेव्हा ती घटना असते: ती चरित्रात येते, तिला करुणा, विनोद किंवा तेज प्राप्त होते. बाई त्याच स्टोव्हवर, त्याच खोलीत, वीस वर्षे शिजवते तेव्हा ती पार्श्वभूमी असते. गांधींची वीस मिनिटे आत्मकथेत नोंदली गेली. खानावळवालीचे चौदा तास नोंदले गेले नाहीत.

६.

या विषमतेचे सर्वांत दारुण रूप ज्या शब्दात साठले आहे, तो शब्द म्हणजे 'स्टोव्हचा भडका'. जमिनीवर ठेवलेला स्टोव्ह, त्यावर वाकलेली स्त्री, नायलॉनच्या साडीचा सुटलेला पदर: अपघाताची ही शक्यता खरी होती आणि असे अपघात पुष्कळ झाले. पण ही शक्यता खरी असल्यामुळेच ती सबब म्हणून उपयोगी पडली. नवविवाहितेच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एका ओळीत येई, आणि स्टोव्हला आरोपी करून प्रकरण मिटे. सासरच्या छळाला निर्जीव वस्तूची आड मिळाली. १९८० च्या सुमारास देशभरच्या स्त्री संघटनांनी विचारलेला प्रश्न साधा होता: स्टोव्ह सुनेच्याच हातात का फुटतो, सासूच्या किंवा मुलाच्या हातात का नाही?

या प्रश्नाने कायदा बदलला. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात कलम ४९८ अ आले आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ ब. या कलमाची शब्दरचना वाचण्यासारखी आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या अनैसर्गिक मृत्यूंचा उल्लेख करताना त्याने पहिले नाव घेतले आहे ते भाजण्याचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० मध्येही हीच रचना कायम आहे. आपल्या घरांतून प्रायमस हद्दपार झाला तरी त्याची सावली कायद्याच्या भाषेत अशी उरली आहे. साधन निर्दोष असते, हे म्हणणे सोपे आहे. जे साधन एका अविवाहित पुरुषाला मुक्त करते तेच साधन परक्या घरात आलेल्या मुलीसाठी धोका ठरते, तेव्हा फरक साधनात नसतो. ते विझवण्याचा आणि खोलीबाहेर पडण्याचा अधिकार कोणाला आहे, यात तो असतो.

याच काळाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेऊन बायका उतरल्या. त्यांच्या मागण्यांत साखर आणि गोडेतेल यांच्या बरोबरीने रॉकेलही होते. रॉकेल नसले की भुशाची शेगडी भरायची, तीही नसली की उपास. स्टोव्हवर स्वयंपाक करणारी बाई केवळ बळी नव्हती. इंधनाचे राजकारण तिला नेमके कळत होते.

७.

गॅस आला आणि हे चित्र पालटले, पण सर्वांसाठी नाही. इंडेनची सुरुवात १९६५ ची. गॅसची जोडणी म्हणजे नाव, पत्ता, शिधापत्रिका, सिलिंडर ठेवायला जागा. म्हणजेच घर असल्याचा पुरावा. ज्याच्याकडे पुरावा नाही, त्याच्याकडे रॉकेल राहिले. पत्त्याच्या पुराव्याविना मिळणारा पाच किलोचा सिलिंडर २०१३ मध्ये बाजारात आला आणि २०२० मध्ये इंडियन ऑइलने त्याला 'छोटू' हे नाव दिले. चूल नसलेल्या माणसाला इंधनव्यवस्थेने अधिकृतपणे ओळखायला इतका काळ लागला.

विजेने आणखी एक वाट उघडली. जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये आपोआप बंद होणारा भाताचा कुकर विक्रीला आणला. बाहेरच्या भांड्यातले पाणी आटले की तापमान चढते आणि खटका पडतो. मल्लिकांनी कोळशाने साधलेली बेफिकिरी येथे विजेने साधली. आज वसतिगृहातला विद्यार्थी विजेच्या किटलीत नूडल्स शिजवतो, इंडक्शनवर खिचडी लावतो. इंडक्शनला लोखंडी बुडाचे भांडे लागते. घरून आणलेले ॲल्युमिनियमचे पातेले त्यावर निरुपयोगी ठरते, आणि आईच्या भांड्यांचा वारसा तेथे खंडित होतो. खोलीत विजेची उपकरणे वापरू नयेत, असा नियम बहुतेक वसतिगृहांत असतो, आणि तपासणीच्या दिवशी उपकरण गादीखाली जाते. पुण्याच्या पेठांत 'कॉट बेसिस'वर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांचे जग असेच मेसवर उभे आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मेस बंद झाल्या, तेव्हा शहरात केवळ खाट असणे आणि चूल असणे यांतले अंतर एका रात्रीत उघडे पडले. ज्यांच्यापाशी एखादी किटली किंवा शेगडी होती, ते तग धरून राहिले. बाकीच्यांना गावाकडची वाट धरावी लागली.

२०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांपासून येथवर पोचायला शंभर वर्षे गेली. या घरांत स्वतंत्र स्वयंपाकघर आहे, ओटा आहे, दार लोटून घेता येते. ज्या स्त्रियांनी चार पिढ्या एकाच खोलीत झोपलेल्या माणसांच्या उशाशी स्टोव्ह पेटवला, त्यांच्या लेकी-सुनांना ही भिंत मिळाली, हे मोठेच आहे. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला बांधकामावरच्या पत्र्याच्या खोपट्यात, रखवालदाराच्या केबिनमध्ये, दुकानाच्या पोटमाळ्यावर कोणीतरी छोटूवर भात ठेवीत असतो.

जनगणनेच्या व्याख्येत एकत्र राहणारे आणि एका स्वयंपाकघरातले खाणारे ते कुटुंब. या व्याख्येत न बसणारी माणसे शहर चालवत आली आहेत, आणि ती जेवतही आली आहेत. त्यांच्या अन्नाचा इतिहास पाकशास्त्राच्या पुस्तकांत सापडणार नाही. तो चरित्रांतल्या ओझरत्या वाक्यांत, कायद्याच्या कलमांत, जनगणनेच्या तक्त्यांत आणि 'रॉकेल', 'काकडा', 'कुकर लावणे' अशा शब्दांत शोधावा लागेल. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी एखादी कादंबरी किंवा आत्मचरित्र वाचताना एक साधा प्रश्न जवळ ठेवावा: या पात्राचे अन्न कोणत्या विस्तवावर शिजते आहे, आणि त्या विस्तवापाशी कोण बसले आहे? मराठी गद्यातल्या अनेक घरांची दारे या एका प्रश्नाने उघडतील.